जेवण म्हणायचं कशाला?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या माळावर रब्बीची ज्वारी काढणीला आली की खाण्याच्या वेळा घड्याळ ठरवत नाही, काम ठरवतं. तांबडं फुटायला चहा, उन्हं वर येईपर्यंत काढणी, मग बांधावर बसून न्याहारी. न्याहारी म्हणजे पोहे-उपीट नव्हे. भाकरी, ठेचा, कांदा आणि उरलं असेल तर रात्रीचं कालवण. दुपारी पुन्हा भाकरी. दिवस मावळल्यावर घरी जाऊन जेवण. तिन्ही वेळांना ताटात बहुधा ज्वारीच असते, तरी बांधावरच्या खाण्याला कुणी जेवण म्हणत नाही. त्याच घरातलं पोर इंग्रजीच्या तासाला जोड्या लावतं: ब्रेकफास्ट म्हणजे सकाळचा नाश्ता, लंच म्हणजे दुपारचं जेवण, डिनर म्हणजे रात्रीचं जेवण.

या जोड्या खुद्द इंग्लंडातही नीट लागत नाहीत. यॉर्कशायर-लँकेशायरकडच्या कष्टकरी घरांत डिनर भर दुपारी होतं आणि संध्याकाळच्या भरपेट जेवणाला ‘टी’ म्हणतात. शाळेत दुपारी मिळणाऱ्या जेवणाला सगळा देश ‘स्कूल डिनर’ म्हणतो. नाताळचं डिनर बहुतेक घरांत दुपारीच उरकतं. ‘सपर’ शब्द एका घरात हलक्या रात्रीच्या खाण्याला वापरतात, दुसऱ्या घरात झोपण्यापूर्वीच्या दूध-बिस्किटांना, आणि तिसऱ्या घरात तो उच्चारला तर लोक म्हणतात, हा स्वतःला फार मोठा समजतो. कोण दुपारच्या जेवणाला काय म्हणतो यावरून तिथे माणसाचा प्रांत आणि वर्ग ओळखता येतो. आपल्याकडे आडनाव करतं ते काम तिथे हे शब्द करतात.

मध्ययुगात डिनर म्हणजे दिवसाचं मुख्य जेवण, आणि ते दुपारी किंवा त्याआधीच होई. अठराव्या शतकात लंडनच्या बड्या घरांनी ते हळूहळू पुढे ढकललं; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते रात्री सात-आठवर गेलं. रात्री उशिरा जेवायचं तर मेणबत्त्या हव्यात, त्या लावायला नोकर हवेत आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठण्याची सवड हवी. म्हणजे उशिराचं डिनर ही श्रीमंतीची जाहिरात होती. दुपारची पोकळी मग लंचने भरून काढली. शेतकरी आणि गिरणी कामगार होते तिथेच राहिले, म्हणून त्यांचं डिनर अजून दुपारी आहे. पुढे १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने रविवारी उशिरा उठणाऱ्यांची बाजू घेत ‘ब्रंच’ची शिफारस केली. आपल्याकडच्या साहेबांनी ‘टिफिन’ रूढ केलं. तो शब्द इंग्लंडात फारसा रुजला नाही, पण मुंबईच्या डब्याला कायमचा चिकटला.

इथवर हा विषय समाजशास्त्राचा वाटतो. पण ‘डिनर’ शब्दाच्या मुळाशी गेलं की धर्माशी गाठ पडते. उशिराच्या लॅटिनमधलं एक क्रियापद, अर्थ उपवास सोडणे, फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि त्याचं डिनर झालं. म्हणजे मुळात डिनर आणि ब्रेकफास्ट यांचा अर्थ एकच. फ्रेंचमध्ये त्याच मुळापासून दोन शब्द निघाले आणि दिवसभर सरकत राहिले. पॅरिसमध्ये जो शब्द दुपारच्या जेवणाला आहे, तोच क्वेबेकमध्ये सकाळच्या न्याहारीला आहे. जेवणाच्या नावाची सुरुवात भुकेपासून नाही, भूक रोखून धरण्याच्या नियमापासून झाली. आणि नियम आला की पळवाट येतेच.

ख्रिस्ती मठांमधली गोष्ट याचा उत्तम नमुना आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे उपवासाच्या दिवशी भिक्षूंनी नवव्या तासाची प्रार्थना झाल्यावरच, म्हणजे साधारण दुपारी तीनला, जेवायचं. लॅटिनमध्ये त्या वेळेचं नाव ‘नोना’. पोटात कावळे ओरडू लागले तशी ही प्रार्थना शतकागणिक अलीकडे येत गेली, आणि शेवटी नोनाचं ‘नून’ होऊन ते थेट मध्यान्हावर येऊन बसलं. इंग्रजीत आज भर दुपारी बाराला जो शब्द आहे तो मूळचा नवव्या तासाचा. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तर सायंप्रार्थनेनंतरच जेवायचा दंडक होता. तोही मोडला नाही. सायंप्रार्थनाच सकाळी म्हणू लागले.

रात्री झोपण्यापूर्वी भिक्षू एकत्र बसून कॅसियन या जुन्या तपस्व्याचे संवाद ऐकत. त्या ग्रंथाच्या लॅटिन नावावरून त्या बैठकीला ‘कोलेशन’ म्हणू लागले. बैठकीत कोरड्या घशाला घोटभर पेय, पुढे पावाचा तुकडा, पुढे आणखी काहीबाही चालू लागलं. खाण्याला पुस्तकाचं नाव मिळालं आणि त्यामुळे ते जेवण ठरलं नाही. सतराव्या शतकात चॉकलेटचं पेय युरोपभर पसरलं तेव्हा त्याने उपवास मोडतो का, यावर धर्मपंडितांत जोरात वाद झाले. १६६४ साली कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी ग्रंथ लिहून निर्वाळा दिला की चॉकलेट हे पेय आहे आणि द्रवाने उपवास मोडत नाही.

हे वाचून मराठी माणसाने फार हसू नये. एकादशीला सकाळी उठल्या उठल्या चहा घेणारा प्रत्येक जण नकळत या कार्डिनलच्या पंथातला असतो.

फराळाची गोष्ट त्याहून सुरस आहे. फराळ म्हणजे मूळचा फलाहार. आज उपवासाच्या ताटात साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं आणि हिरवी मिरची असते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, आणि बाकीची चारही, अमेरिका खंडातून युरोपीयांच्या जहाजांबरोबर जगभर पसरलेली. ज्या स्मृतिकारांनी उपवासाला काय चालतं ते ठरवलं, त्यांनी ही पिकं पाहिलीच नव्हती, त्यामुळे निषेधाच्या यादीत ती येणं शक्यच नव्हतं. यादीत नाही म्हणून चालतं, या न्यायाने साबुदाण्याची खिचडी पवित्र झाली. हजारो वर्षं इथेच पिकणारी हळद मात्र बहुतेक घरांत वर्ज्य. कोथिंबीर चालते की नाही यावर दोन जावांमध्ये आजही एकमत होत नाही. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनीच केली आहे. आपण काय करतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

मराठीत उपवास सुटतो, सोडला जातो, किंवा मोडतो. ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने खाल्लं तर सुटला; एरवी मोडला. इंग्रजी ब्रेकफास्टमध्ये हा भेद राहिलेला नाही. रमजानमध्ये जामखेडच्या पेठेत मुसलमान शेजारीही मराठी बोलताना ‘रोजा सोडला’ असंच म्हणतो. तिकडे तर सूर्य मावळल्यावर रोजा सोडायला उगाच उशीर करू नये, वेळेवर खाणं हाही पुण्याचाच भाग, असं सांगितलं आहे. बौद्ध उपासक पौर्णिमेला अष्टशील पाळतात, त्यातलं एक शील मध्यान्हानंतर न जेवण्याचं आहे. तिथेही पेय चालतं. जैन घरांत सूर्यास्ताआधी ताटं उचलली जातात. प्रत्येक धर्माने खाण्याला वेळेचं कुंपण घातलं आणि प्रत्येकाने कुंपणात एक फाटक ठेवलं. यात ढोंगच आहे असं म्हणणं घाईचं होईल. शरीराला झेपेल तेवढंच व्रत टिकतं आणि नाव बदलून दिलेली सूट बऱ्याचदा आजारी, म्हाताऱ्या, बाळंतीण माणसाच्या उपयोगी पडते. भुकेच्या बाबतीत नाव बदलणं ही दया असू शकते.

प्रश्न अवघड होतो तो नियम वेळेचा नसून पंगतीचा असतो तेव्हा. काय खाल्लं, कधी खाल्लं, याआधी कुणाच्या हातचं आणि कुणाच्या शेजारी बसून खाल्लं, हे आपल्याकडे धर्माने विचारलं. आणि इथेही नावाची पळवाट निघाली.

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या मुख्य मंडळींपैकी. मराठीचं व्याकरण लिहिणारे तेच. या सभेत येणाऱ्याला जातीचं बंधन मानत नाही हे दाखवण्यासाठी ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, परक्या हातचं पाणी प्यावं लागे. पण सगळं बंद दाराआड. सभासदांची नावं बाहेर फुटल्याचा बोभाटा झाला आणि १८६० च्या सुमारास सभा बारगळली. पाव खाण्याचं धैर्य होतं, खाल्ला असं सांगण्याचं नव्हतं. त्यांना दोष देणं आज सोपं आहे. त्या काळी वाळीत पडणं म्हणजे मुलीचं लग्न अडणं आणि मेल्यावर खांद्याला माणूस न मिळणं होतं.

पुण्यात ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी नावांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. आता यातला तात्त्विक पेच पाहा. चहा हे जेवण आहे का? नसेल तर अन्नव्यवहार झाला कुठे? बिस्किट हे अन्न की खाऊ? कप नुसता हातात धरला तर दोष किती, ओठाला लावला तर किती? टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांनी त्यांना बोल लावले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या दिवसांचा ताण वाचायला मिळतो. एका कपाने शहर दोन वर्षं ढवळून निघालं, यावरून लक्षात येतं की वाद चहाचा नव्हताच. चहाच्या निमित्ताने कोण कुणाबरोबर बसलं, हा होता.

दिवाळीच्या फराळाकडे याच नजरेने पाहावं. चकली-करंजी-शंकरपाळ्यांचा फलाहाराशी काडीचा संबंध नाही. पण तळलेलं आणि कोरडं असल्यामुळे, आणि मुख्य म्हणजे जेवण नसल्यामुळे, ते ताट पूर्वीही अशा काही दारांपर्यंत पोचे जिथे वरण-भात पोचत नसे. त्यातही ते जाई एकाच दिशेने. खालच्या मानलेल्या घरातून वरच्या घरात ताट परत येई ते बहुधा रिकामं, फार तर चिमूटभर साखर घातलेलं.

ही अडचण हिंदूंपुरती आहे असं मानायचं कारण नाही. येशूच्या शेवटच्या भोजनाला इंग्रजीत ‘सपर’ म्हणतात, मराठी ख्रिस्ती त्याच्या विधीला ‘प्रभुभोजन’ म्हणतात. ते भोजन रात्रीचं होतं. आज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चर्चमध्ये ते रविवारी सकाळच्या उपासनेत घेतलं जातं आणि त्याने कुणाचं बिघडत नाही. बिघडलं होतं ते वेगळ्याच कारणाने. पहिल्या शतकात करिंथ शहरातल्या मंडळीत सधन लोक आपलं आणलेलं आधीच खाऊन-पिऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्यांना पत्र लिहून खडसावलं, की तुम्ही एकत्र येऊन जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर तीच, द्राक्षारस तोच, नावही तेच, पण पंगत दुभंगली म्हणून भोजन रद्द. अंत्युखियात तर पेत्रासारखा ज्येष्ठ शिष्य आधी परजातीयांबरोबर जेवत होता आणि कर्मठ मंडळी येताच मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर जाब विचारला. पंचहौदचा कप खाली ठेवणाऱ्यांचा पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाचा सरळ विचार करणारी माणसं आहेत. छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायण नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. कुरुदेशात पीक बुडालेलं. उषस्ति भुकेने व्याकूळ होऊन एका माहुताकडे उडीद मागतो. माहूत म्हणतो, माझ्याकडे आहेत ते हेच, मी खात असलेले उष्टे. उषस्ति ते घेऊन खातो. माहूत पाणीही देऊ करतो, तर म्हणतो, नको, ते उष्टं होईल. उडीद उष्टे नव्हते का, असं विचारल्यावर उत्तर येतं की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला कुठेही मिळेल. या उत्तराची प्रामाणिक चव वेगळी आहे. त्याने उडदांना फराळ म्हटलं नाही. उष्टं ते उष्टंच, नियम तो नियमच, जीव वाचवण्यापुरता मोडला आणि गरज संपताच थांबला. वेदान्ताच्या सूत्रांनीही पुढे प्राणसंकटात कुठलंही अन्न चालतं या मुद्द्यावर विचार केला, तेव्हा या कथेचा आधार घेतला गेला. पण उषस्तीच्या उत्तरात एक मोठी उणीव राहतेच. संकट टळलं की उष्ट्याचा नियम पुन्हा जागेवर. माहुताची पायरी तीच.

एकनाथांनी ती पायरीच उडवली. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास आला म्हणून दारावरून जाणाऱ्या भुकेल्या महार कुटुंबाला त्यांनी पितरांसाठी रांधलेलं अन्न आधी वाढलं, पैठणच्या ब्राह्मणांनी बहिष्कार घातला आणि प्रत्यक्ष पितर जेवायला उतरले, अशी कथा आहे. राण्या महाराच्या घरी ते जेवल्याची कथाही आहे. या कथा घरोघर पोचवल्या त्या महिपतींनी, आणि महिपती (१७१५–१७९०) जामखेडच्याच जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. १९३५ साली प्रभातने बालगंधर्वांना घेऊन एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. आधीचं नाव ‘महात्मा’ होतं, ते सेन्सॉरला गांधींची आठवण देणारं वाटलं म्हणून बदलावं लागलं. श्राद्धाचं जेवण हे जेवणाच्या सगळ्या प्रकारांत सर्वांत कडक नियमांचं. कोण वाढणार, कोण जेवणार, कोणत्या प्रहरी, सगळं बांधलेलं. एकनाथांनी त्याला दुसरं नाव दिलं नाही. श्राद्ध म्हणूनच वाढलं, म्हणून तर गाव चिडलं. नुसतं अन्नदान केलं असतं तर कुणाची हरकत नव्हती.

त्यांची पालखी दर आषाढीला पैठणहून पंढरपूरला निघते ती पाटोद्यावरून जामखेड तालुक्यात दिघोळ आणि खर्ड्याला येते. खर्डा म्हटलं की लोकांना १७९५ ची निजामावरची लढाई आठवते. वारकऱ्यांना मुक्काम आणि तिथली पंगत आठवते. या पट्ट्यात पंगत शब्दाला यजमानाचाही अर्थ आहे. अखंड हरिनाम सप्ताहात ‘आज पंगत कुणाची?’ विचारलं तर उत्तरात घराचं नाव येतं, ज्याने त्या दिवशीचं जेवण अंगावर घेतलं त्याचं. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, मग महाप्रसाद. काला म्हणजे सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवणं, कुणाची कोणती ते ओळखू येऊ नये इतकं. कीर्तनात हे शतकानुशतकं सांगितलं गेलं आणि त्याच गावात काही पंगती शेवटी, बाजूला, मांडवाबाहेर बसत राहिल्या. पिराच्या कंदुरीला मटणाच्या रश्श्याभोवती सगळं गाव जमे, तिथेही भांडी कुणी आणायची आणि बसायचं कुठे याचे नियम होतेच.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं दाम्पत्य जामखेडला आलं. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करून, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन त्यांनी हा दुष्काळी तालुका निवडला. लगेचच १९७२ चा दुष्काळ आला. त्या पिढीच्या तोंडी अजून ‘मिलो’ आणि ‘सुकडी’ हे दोन शब्द आहेत. परदेशातून आलेली लाल ज्वारी आणि दुष्काळी कामावर वाटलेला कोरडा खाऊ. त्या वर्षी लोक न्याहारीची आणि जेवणाची वेळ पाहत नव्हते, मिळेल तेव्हा खात होते. आरोळ्यांच्या कामात लहान मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरं चालली, आणि तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र बसून खाऊ लागली. उषस्तीच्या कथेसारखंच हे. जीव वाचवायचा होता.

खरी कसोटी दुष्काळ सरल्यावर लागली. गावोगावच्या बायकांमधून आरोग्य कार्यकर्त्या निवडल्या गेल्या. कुणी मराठा, कुणी धनगर, कुणी दलित. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला येत, मुक्कामाला राहत. एकत्र राहणं आणि एकत्र जेवणं हा त्या प्रशिक्षणाचाच भाग होता. सुरुवातीला काही जणींनी दलित सहकारणीच्या हातचं खायला, शेजारी बसायला कां-कूं केली. इथे भूक नव्हती, त्यामुळे प्राणसंकटाची सबब नव्हती. आणि या जेवणाला कुणी सहभोजन, प्रीतिभोजन असं खास नावही दिलं नव्हतं. बायका शिकायला आल्या होत्या, दुपार झाली होती, जेवायचं होतं. पुन्हा पुन्हा तेच झालं आणि त्यातून ती कां-कूं सरत गेली. त्याच बायका पुढे आपल्या गावात बाळंतपणं करायला सगळ्यांच्या घरांत शिरल्या. १९७९ साली या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे डॉक्टर इथे कुपोषण आणि बालमृत्यूंवरचं काम पाहायला येतात. त्या कामाच्या पायाशी ही रोजची पंगत आहे, हे अहवालांच्या तक्त्यांत दिसत नाही.

तरी पंगतीला वाजवीपेक्षा मोठं करू नये, हा इशारा बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच देऊन ठेवला आहे. ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात त्यांनी म्हटलं की सहभोजनं बरीच झाली, त्याने जातीची जाणीव मेली नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याहून खोलवर, जातीला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांवरची श्रद्धा मोडणं. सुधारकांच्या सहभोजनांना हा टोला बसतोच. वर्षातून एकदा, फोटोसाठी, नाव देऊन केलेलं जेवण हे पुन्हा नावाचंच काम करतं: हे एक खास जेवण, उद्यापासून आपापली चूल. आरोळ्यांच्या अंगणातलं जेवण या टीकेतून बरंचसं सुटतं ते केवळ रोजचं होतं म्हणून. लग्नापर्यंत ते पोचलं, असा दावा कुणी करू नये.

आज जामखेडच्या मंगल कार्यालयांत पंगत मागे पडून बुफे आला आहे. कचेरीत ‘लंच झाला का?’ विचारतात, हॉटेलच्या पाटीवर ‘फॅमिली डिनर’ लिहिलेलं असतं. हे शब्द मराठीत आले ते सोवळं-ओवळं, नैवेद्य, आपोष्णी, काकबळी यांतलं काहीच बरोबर न घेता, आणि म्हणून ते सोयीचे ठरले. डब्यातलं कुणी कुणाचं खाल्लं याची चौकशी लंचमध्ये होत नाही. निदान तोंडावर होत नाही. पण बुफेने प्रश्न सोडवला नाही, गुंडाळून ठेवला. ताट हातात घेऊन जो तो आपल्या माणसांच्या घोळक्यात उभा राहतो. पंगतीत शेजारी कोण बसेल हे आपल्या हातात नसे. इथे ते पूर्णपणे असतं.

शाळेतला प्रकार जास्त बोलका आहे. इंग्लंडने १९०६ साली कायदा करून गरीब मुलांना शाळेत जेवण देण्याची सोय केली. आपल्याकडे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं माध्यान्ह भोजन द्यायला सांगितलं. सरकारी कागदावर ते ‘शालेय पोषण आहार’, २०२१ पासून ‘पीएम पोषण’. पोरांच्या भाषेत नुसती ‘खिचडी’. २००४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: हे अन्न शिजवायला स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. पोरं एकत्र बसतात यावर न्यायालय थांबलं नाही, चुलीपाशी कोण आहे हे त्याने विचारलं. परमहंस सभेने बंद दाराआड जे केलं ते इथे शाळेच्या ओट्यावर, रोज, हजेरी घेऊन करायचं आहे.

कागदावरून तो आदेश चुलीपर्यंत किती पोचला हे ज्याने त्याने आपल्या गावातच पाहावं. पुढच्या सप्ताहात महाप्रसादाला बसाल तेव्हा पत्रावळीवर काय आहे हे दिसेलच. भट्टीवर कोण आहे, वाढायला कोण फिरतंय आणि शेवटच्या पंगतीसाठी कोण ताटकळलंय, एवढं मात्र उठून बघा. आणि आजची पंगत कुणाची, असं विचारल्यावर गावातल्या कोणत्या वस्तीचं नाव कधीच येत नाही, तेही विचारा.